शेजाऱ्याला पडलेले नाव

धनजसारख्या गावात माणसाला एकदा नाव पडले की ते जन्मभर चिकटते. एक कंजूस ठरतो, दुसरा भोळसट. मग त्याने काहीही केले तरी आपण त्याच्यात तेवढेच पाहतो. दूरदर्शन संचावरच्या विनोदी कार्टून मालिकांतही असेच घडते.

‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकन मालिका १९८९ साली सुरू झाली. होमर हा त्यातला आळशी गृहस्थ. त्याच्या शेजारी नेड फ्लँडर्स हा भाविक ख्रिस्ती माणूस राहतो. होमर त्याच्या वस्तू उसन्या नेतो आणि परत करीत नाही. १९९१ च्या एका भागात नेड डावखुऱ्यांसाठी खास वस्तूंचे दुकान काढतो. ते बुडावे, अशी इच्छा होमर मनात धरतो. दुकान खरेच बुडू लागते, नेडवर घर सोडण्याची पाळी येते, तेव्हा होमरला स्वतःची लाज वाटते. शेवटी तोच गावातल्या डावखुऱ्यांना फोन करकरून दुकानात आणतो. मत्सराचे इतके खरे चित्र प्रवचनांतूनही क्वचितच ऐकायला मिळते!

पुढे मात्र लेखकांनी नेडचा बराचसा नुसता धर्मवेडा करून टाकला. पात्राची एकच लकब ताणून बाकीचा माणूस पुसून टाकणे, याला इंग्रजीत त्याच्याच नावावरून ‘फ्लँडरायझेशन’ म्हणतात. भाविकांची थट्टा झाली म्हणून आम्हांला वाईट वाटत नाही. थट्टा करावी असे आम्हा भाविकांत पुष्कळ आहे. वाईट वाटते ते असे, की आता नेड काय बोलणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते.

विनोद म्हटला की अतिशयोक्ती आलीच. चिं. वि. जोशींचा चिमणरावही भित्राच. पण तो आपली फजिती आपणच सांगतो, म्हणून आपण त्याच्या बाजूने हसतो.

आपली मुले हिंदीतून ‘डोरेमॉन’ पाहतात. त्यातला नोबिता रडका, आळशी, परीक्षेत शून्य मिळवणारा. पालकांना तो मुळीच आवडत नाही. पण २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटात शिझुकाच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आहे. तिचे वडील तिला सांगतात, की तू योग्य माणूस निवडलास. तो दुसऱ्याच्या सुखाने सुखी होतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी. तो प्रसंग लागला, तर पालकांनी मुलांजवळ बसून जरूर पाहावा.