ओरखडा आणि क्रोध

गृहस्थ बाजारातून परततो, तो उभ्या केलेल्या मोटारीच्या दारावर ताजा ओरखडा दिसतो. धक्का देणारा केव्हाच निघून गेलेला असतो. हानी अल्प, परंतु क्रोध अनावर होतो. अपराधी समोर नसल्यामुळे तो क्रोध प्रथम रखवालदारावर, नंतर घरी बायकामुलांवर कोसळतो. आसक्तीतून काम, कामातून क्रोध आणि अखेरीस बुद्धिनाश, हा क्रम गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत सांगितला आहेच.

मग अन्याय मुकाट्याने सोसावा काय? तसे नव्हे. चौकशी करावी, दुरुस्तीही करावी. पण शांत बुद्धीने. विम्याची भरपाई न मागणाऱ्यास पुढील वर्षी मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनी ५० टक्के. क्षुल्लक ओरखड्यापायी क्रोधाच्या भरात भरपाई मागणारा ही सूट गमावून बसतो.

खरी कसोटी पुढेच आहे. उद्या आपलाच धक्का दुसऱ्याच्या मोटारीस लागला आणि कोणी पाहिले नाही, तर? “माझ्यासाठी कोण थांबले होते?” असे म्हणून जो निघून जातो, त्याची हानी कोणताही कारागीर भरून काढू शकत नाही. जो थांबतो, चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहून ठेवतो, त्याच्यापाशी ती अधर्माची परंपरा खुंटते.