उत्तरानंतरची गोष्ट

परिचित अद्भुतकथेला नवा अन्वयार्थ देणे म्हणजे तिचा शेवट उलटा करणे, असा एक सोयीचा समज रूढ आहे. राक्षसाला नायक केले, राजाला खल ठरवले, की नवी कलाकृती झाली असे मानले जाते. बदललेल्या मस्तकांची वेताळकथा हा समज तपासायला लावते.

अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मदनसुंदरीचा पती आणि भाऊ देवीच्या मंदिरात स्वतःची मस्तके छेदतात. देवीच्या आज्ञेने ती धडांना जोडताना घाईत तिच्या हातून अदलाबदल होते. आता तिचा पती कोण? मस्तक सर्व अवयवांत श्रेष्ठ. म्हणून पतीचे मस्तक ज्या धडावर तोच पती, असे राजा सांगतो. दुसरा पुरुष भाऊ असल्यामुळे प्रश्न नात्याच्या मर्यादेचा आहे आणि तो निकालात निघणे आवश्यकच आहे.

थॉमस मान यांनी १९४० मध्ये भावाच्या जागी मित्र आणला. एवढ्या बदलाने मर्यादेचा प्रश्न अभिलाषेचा झाला. मान यांच्या कथेचा आधार घेऊन गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ (१९७१) लिहिले. दोन्ही कृतींत निवाडा जुनाच राहतो. मात्र सोमदेवाची कथा निवाड्यापाशी संपते. येथे खरी कथा त्याच्यानंतर सुरू होते. ‘हयवदना’त देवदत्ताच्या मस्तकाखाली आलेले कपिलाचे बळकट शरीर हळूहळू मऊ पडते, तर कपिलाच्या वाट्याला आलेले धड पद्मिनीच्या स्पर्शाची आठवण विसरत नाही. निवाडा तर्काला पटतो, पण त्याच्या आधाराने तिघांना जगता येत नाही. नवा अन्वयार्थ तो हा.

तथापि नव्या कृतींनाही प्रश्न विचारले पाहिजेत. मदनसुंदरी निवाड्यानंतर जिवंत राहते; मान यांची सीता आणि कार्नाडांची पद्मिनी चितेवर जातात. कार्नाडांच्या दृष्टीत उपरोध आहे, हे खरे. तरीही जिच्या इच्छेला या लेखकांनी वाचा दिली, तिला जगण्याची वाट त्यांना दाखवता आली नाही. मीही वर्गात ही कथा शिकवताना वर्षानुवर्षे राजाच्या उत्तरापाशीच थांबलो. त्या स्त्रीला काय हवे होते, हे विचारले नाही. म्हणून हा दोष केवळ लेखकांच्या पदरी टाकवत नाही.

वेताळाची अट सर्वांना ठाऊक आहे: राजा बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे अचूक उत्तरानंतरही राजाला त्याच झाडाकडे परतावे लागते. जुनी कथा नव्याने सांगणे हा तिच्याशी केलेला द्रोह नव्हे. ते तिच्याच अटीचे पालन आहे.