सेवेतील रजा

कर्तव्यास रजा असते काय, असे सरकारी नोकरास विचारले, तर तो रजेच्या नियमांचे पुस्तक पुढे करील. केंद्र सरकारच्या सेवकास वर्षाकाठी ३० दिवसांची अर्जित रजा मिळते. जानेवारीत १५ आणि जुलैत १५ दिवस त्याच्या खाती आगाऊ जमा होतात. रजेवर जाताना तो कार्यभार दुसऱ्याच्या हाती देतो, आणि त्यात आपण कर्तव्यास चुकलो असे त्याच्या मनातही येत नाही. त्याच्याच क्वार्टरमध्ये, अर्धांगाने अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंचे सारे करणाऱ्या त्याच्या पत्नीच्या खाती मात्र एक दिवसही पडत नाही. तिने कार्यभार द्यावा कोणाला? नणंद नागपुरास, जाऊ पुण्यास, आणि आपण पाटण्यास नाहीतर गुवाहाटीस!

तथापि, अडचण केवळ माणसांच्या अभावाची आहे असे आम्हांस वाटत नाही. शेजारीण दोन तास बसते म्हणाली, तरी घरची बाई "नको हो, होतंय सगळं" म्हणून तिला परत पाठवते. मातापित्यांचे ऋण ज्याचे त्यानेच फेडावे, ही एक समजूत याच्या मुळाशी आहे. तीत तथ्य नाही असे नाही. पण कूस बदलणे, पेज भरवणे, औषधाची वेळ सांभाळणे ही कामे दोन तास दुसऱ्याने केली, तर नाते काही दुसऱ्याच्या नावे चढत नाही. शिवाय ऋण मुलाचे आणि फेडते सून, ही बदली आपण मुकाट्याने मंजूर केलेलीच आहे. आईवडिलांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात 'अपत्ये' या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सुनेचे नाव तेथे नाही.

दुसरी अडचण मानी माणसाची. परक्याचे उपकार घ्यावेत कसे? यावर कोकणातल्या शेतकऱ्याने सावडीचा उपाय फार पूर्वीच काढला. भातलावणीस आज सारे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाही आणि उपकारही नाहीत. मंगळवारी दुपारी एकीने दुसरीच्या घरी रुग्णापाशी बसावे, शुक्रवारी दुसरीने पहिलीच्या. रुग्णास हलवावे लागत नाही, आणि घरची बाई आतल्या खोलीत दार लोटून निजते. (निजावेच, तेवढ्यात तांदूळ निवडायला घेऊ नयेत.)

परंतु सावड फिटण्यापूर्वीच बदलीचा हुकूम आला तर? आपल्यासारख्या फिरत्या लोकांचा खरा पेच हा आहे. दहा मंगळवार घेतले, शुक्रवार दिले चार, आणि सामान ट्रकवर चढले. येथे हिशेबी सावड अपुरी पडते. मात्र आपल्या परंपरेतील ऋणकल्पना इतकी हिशेबी नाही. ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने आणि पितृऋण संततीने. ज्याचे घेतले त्याच्याच हातावर परतफेड ठेवावी, असा तेथे आग्रह नाही. पाटण्याचे सहा शुक्रवार गुवाहाटीस, मराठी बोलताही न येणाऱ्या एखाद्या शेजारणीच्या घरी द्यावेत. तीही प्रथम नकोच म्हणेल.