गतकाळाची साक्ष

गतकाळ हा मनुष्याचा सर्वांत जुना गुरु होय, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु गुरूपेक्षां त्यास साक्षीदार म्हणणें अधिक यथार्थ होईल. गुरु आपण होऊन बोलतो. साक्षीदार विचारलें तेवढेंच सांगतो. प्रश्न कसा घातला यावर त्याचें उत्तर पुष्कळसें अवलंबून असतें, ही गोष्ट चतुर वकिलास सांगावयास नको. साक्षीदार खरें बोलला असतांही न्यायाधीशाची फसवणूक होऊं शकते काय, व तशी झाल्यास दोष कोणाचा, हा प्रश्न आम्हीं येथें विचारार्थ घेतला आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं. बारामती-इंदापुराकडील सुशिक्षित कुटुंबांतील तरुणही आतां मोबाईलवरून शेअरबाजारांत सौदे करूं लागले आहेत. त्यांतील पुष्कळांजवळ एकेक पद्धति असते : भाव अमुक रेषेच्या वर गेला कीं घ्यावें, खालीं आला कीं विकावें. ही पद्धति मागील दहा वर्षांच्या भावांवर लावून पाहिली असतां किती नफा झाला असता, याचा हिशेब संगणक क्षणांत देतो. यासच बॅकटेस्ट म्हणतात. मुलगा तो आलेख वडिलांपुढें ठेवतो आणि घरांतील शिलकीवर हात टाकण्याची परवानगी मागतो. आलेख खोटा नसतो, बेरीज चुकलेली नसते. असें असूनही सेबीनें २०२४ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा आला, आणि तोट्याची एकूण रक्कम १.८ लक्ष कोटी रुपयांहून अधिक होती. या सर्वांजवळच आलेख होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांच्याजवळ होते, त्यांस त्यांनीं कां तारलें नाहीं, हें पाहण्याजोगें आहे.

उत्तर त्या हिशेबाच्या मांडणींत आहे. समजा, एक लक्ष रुपयांच्या भांडवलावर वर्षांत २०० सौदे झाले आणि दर सौद्यास सरासरी १०० रुपये सुटले. वर्षाचा नफा २०,००० रुपये झाला. आतां दलाली, कर, आणि मनांत धरलेला भाव व प्रत्यक्ष पदरांत पडलेला भाव यांतील तफावत मिळून दर सौद्यास १२० रुपये खर्च धरावा. तोच नफा ४,००० रुपयांचा तोटा होतो. पद्धति तीच आणि भावही तेच; केवळ खर्चाच्या रकान्यांत शून्य लिहिलें कीं १२० लिहिले, एवढाच भेद. आरंभाच्या दिवसाचेंही तसेंच. निफ्टी २०२० च्या जानेवारींत १२,००० च्या वर होता, तो २३ मार्चला ८,००० च्या खालीं बंद झाला आणि २०२१ च्या ऑक्टोबरांत १८,००० च्या वर गेला. जानेवारीपासून मोजणारास वाढ निम्म्याच्या आसपास दिसेल, तर मार्चच्या त्या दिवसापासून मोजणारास दुपटीहून अधिक. शिवाय चाचणींत आज जिवंत असलेल्या कंपन्याच घेतल्या, तर बुडालेल्यांचे आंकडे आपोआप गळतात. तें म्हणजे तीरास लागलेल्यांसच विचारून नदीची खोली ठरविणें होय.

याहून सूक्ष्म दोष पुनःपुन्हां विचारण्याचा. नाणें उडवून सौदे ठरविणाऱ्या ६४ पद्धति घेतल्या आणि दर वर्षीं नफातोट्याचा संभव निम्मेनिम धरला, तर त्यांपैकीं सरासरीनें दोन पद्धति सलग पांच वर्षें नफ्यांत राहतील. त्या दोन उचलून ६२ टोपलींत टाकल्या कीं बुद्धिमत्तेचा सुंदर पुरावा तयार झाला! यांत एकही आंकडा खोटा नाहीं. असत्य असलेंच तर तें न दाखविलेल्या कागदांत आहे.

ही व्याधि संगणकाबरोबर जन्मास आली असें कोणीं समजूं नये. आमच्या इंदापूर तालुक्यानें ती दोनदां भोगली आहे. १८२८ च्या सुमारास पुणें जिल्ह्याच्या पाहणीचें काम रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याकडे आलें. रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धान्तावर त्याची श्रद्धा होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें उत्पन्न काढावें, त्यांतून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरेल त्याचा शेंकडा ५५ भाग सरकारनें घ्यावा, असें त्याचें गणित होतें. तर्काच्या दृष्टीनें त्यांत उणें काढणें कठीण. परंतु मोजणीचे आंकडे सदोष होते, उत्पन्नाचे अंदाज चढे होते, आणि धान्याचे भाव उतरत गेले. इंदापुरांत शेतें पडीक पडूं लागलीं. कित्येक कुणबी गांव सोडून शेजारच्या संस्थानांच्या हद्दींत गेले.

पुढें गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापुरांतच नवी जमाबंदी बसविली. निव्वळ उत्पन्नाचें गणित त्यांनीं सोडून दिलें. जमिनीच्या प्रती लावल्या, तालुक्याच्या मागील वसुलाचा इतिहास पाहिला, दर हलके ठेवले आणि ते तीस वर्षें कायम केले. त्यांस भविष्य अधिक अचूक दिसलें, असें आम्हांस वाटत नाहीं. आपला अंदाज चुकेल हें त्यांनीं आधींच गृहीत धरलें आणि त्या चुकीस पुरेल एवढी जागा कुणब्याच्या पदरीं ठेवली, यांतच त्यांचें शहाणपण होतें.

परंतु पद्धति चांगली म्हणून तिचें प्रत्येक उत्तर चांगलें, असेंही नव्हे. तीस वर्षें भरल्यावर १८६७ मध्यें याच पद्धतीनें इंदापूरची फेरपाहणी झाली. मध्यंतरीं १८६० मध्यें रेल्वे सोलापुरास पोहोंचली होती, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाची तेजी येऊन गेली होती. भाव चढलेले होते व दरही बरेच चढले. रेल्वे टिकणारी होती. युद्धाची तेजी टिकणारी नव्हती. हिशेबानें दोहोंस एकाच मापानें मोजलें. पुढें भाव कोसळले. १८७४ मध्यें सरकारलाच वाढीस मर्यादा घालावी लागली : तालुक्यास शेंकडा ३३, एका गांवास ६६, एका खात्यास १००. १२ मे १८७५ रोजीं सुप्यास, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यांत, सावकारांच्या दुकानांवर जमाव चालून गेला व कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. त्या दंग्यांस सावकारी, दिवाणी कोर्टें, कापसाची मंदी अशीं अनेक कारणें होतीं. सर्व भार सारावाढीवर टाकणें अन्यायाचें होईल. तथापि चौकशी-मंडळाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनीं सरकारी साऱ्यासही दोषी धरलें, हें विसरतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग काय गतकाळाकडे पाहूंच नये? आमचें म्हणणें तसें नाहीं. त्यावांचून आपणांजवळ दुसरें आहे काय? मात्र त्याच्या साक्षीची मर्यादा ओळखावी. १८८५ मध्यें नीरेचा डावा कालवा सुरू झाला, तेव्हां मागील पन्नास वर्षांच्या पिकांच्या नोंदींवरून पुढील ऊसमळे कोणासही दिसले नसते. चांगलें असो वा वाईट, कांहीं तरी नवें येतच असतें, आणि जुन्या वहींत त्याचा रकाना नसतो.

म्हणून गणित करणारावर तीन कर्तव्यें येतात, असें आम्हांस वाटतें. पहिलें, मांडणी उत्तर पाहण्यापूर्वीं ठरवावी, आणि कांहीं वर्षें मुद्दाम बाजूस ठेवून त्यांवर पद्धति शेवटीं एकदांच पारखावी. दुसरें, उत्तराबरोबर मांडणीही सांगावी : खर्च किती धरला, आरंभ कोठून केला, किती पद्धति टाकून दिल्या. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें, चूक झाल्यास भार कोणावर पडेल हें आधीं पाहावें. प्रिंगलच्या गणिताचें देणें प्रिंगलनें दिलें नाहीं. तें इंदापूरच्या कुणब्यानें दिलें. आज शुल्क घेऊन आपली पद्धति शिकविणाऱ्याचें शुल्क सुरक्षित असतें, तोटा शिष्याचा असतो. ज्याची चूक दुसऱ्यानें फेडावयाची, त्यानें आपल्या गणिताकडे दुप्पट संशयानें पाहिलें पाहिजे.

तेव्हां आलेख पुढें आला असतां घरांतील वडील माणसानें नफा किती, हें विचारण्यापूर्वीं तो कोणत्या दिवसापासून मोजला हें विचारावें. टाकून दिलेले कागद पाहावयास मागावे. आणि अंदाज चुकला तरी घर चालेल एवढी शिल्लक वेगळी काढून मगच उरलेल्याविषयीं बोलावें. या प्रश्नांनीं ज्याचा उत्साह मावळेल, त्याचा आलेख त्यांपुढें टिकणारा नव्हता असेंच समजावें.