खाणीची दंतकथा, गुहेचा इतिहास

फिनिक्स शहरातून मोटारीने पूर्वेला निघाले की तासाभरात सागुआरो निवडुंगांच्या माळावर सुपरस्टिशन डोंगराची भिंत सरळ उभी राहते. याच्या घळींत कुठेतरी जेकब वॉल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाची सोन्याची खाण दडली आहे, असे अमेरिकेत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सांगितले जाते. जर्मन माणसाला तिकडे सर्रास ‘डचमन’ म्हणत, म्हणून ही ‘लॉस्ट डचमन माइन’. पायथ्याच्या सरकारी उद्यानालाही तेच नाव आहे.

वॉल्ट्झ कल्पनेतला माणूस नव्हता. १८६१ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पुढे अ‍ॅरिझोनात, ब्रॅडशॉ डोंगरांतल्या खाणींच्या दाव्यांवर त्याचे नाव आढळते. नंतर त्याने सॉल्ट नदीकाठी शेती केली. फेब्रुवारी १८९१च्या महापुरात त्याचे घरदार गेले आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला, ज्युलिया थॉमस या ओळखीच्या बाईच्या घरी, त्याने प्राण सोडला. मरताना त्याने तिला खाणीच्या खुणा सांगितल्या, त्याच्या खाटेखालच्या पेटीत सोन्याचे खनिज होते, असे म्हणतात. १८९२च्या उन्हाळ्यात ज्युलिया दोन साथीदारांना घेऊन डोंगरात शिरली आणि रिकाम्या हातांनी परतली. १८९५ साली ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये या खाणीवर लेख आला आणि गावातली गोष्ट देशाची झाली.

गोष्ट पसरली तशी तिला मागचा काळही जोडला गेला. खाण मुळात पेराल्टा नावाच्या मेक्सिकन कुटुंबाची. १८४०च्या दशकात त्यांचा तांडा सोने लादून निघाला असता अपाचे लोकांनी त्याची कत्तल केली. आपल्या वज्रदेवाच्या आज्ञेने अपाचे तेव्हापासून ही जागा राखतात. या कत्तलीचा समकालीन पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. पेराल्टा हे आडनाव मात्र अ‍ॅरिझोनाला चांगलेच ठाऊक होते. जेम्स रीव्हिस नावाच्या भामट्याने बनावट दस्तऐवजांच्या जोरावर, पेराल्टा घराण्याला मिळालेल्या कथित स्पॅनिश इनामाच्या नावाखाली, लक्षावधी एकर जमिनीवर हक्क सांगितला होता. १८९६ साली त्याला तुरुंगवास झाला.

खाणीने बळीही घेतले. १९३१ च्या जूनमध्ये अ‍ॅडॉल्फ रूथ हा वॉशिंग्टनचा वयस्क गृहस्थ पेराल्टांचा म्हणवला जाणारा नकाशा घेऊन डोंगरात गेला. डिसेंबरात त्याची कवटी सापडली, तिला भोके होती. वर्तमानपत्रांनी ही बातमी देशभर नेली आणि शोधणाऱ्यांची रीघ लागली. त्यांतल्या कित्येकांना तिथला उन्हाळा, पाण्याचा दुष्काळ आणि निसरडे कडे यांनीच गाठले असणार. त्यासाठी कथेतल्या शापाची गरज नव्हती.

दगड काय सांगतो, तेही पाहावे. हा डोंगर बहुतांशी ज्वालामुखीच्या राखेचा आहे. सुमारे पावणेदोन ते दोन कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकांत ती साचून घट्ट झाली. अशा थरांत भरपूर सोने मिळण्याची आशा भूवैज्ञानिकांना फारशी वाटत नाही. पायथ्याशी गोल्डफील्डला १८९०च्या दशकात सोने सापडले, गाव वसले आणि सोन्याची शीर संपताच ओस पडले. आज डोंगराचा मोठा भाग संरक्षित अरण्य आहे. १९८४ पासून तिथे खाणीचा नवा दावा करता येत नाही.

खाण मिळाली नाही, ही या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट नव्हेच. कथेत मारणारे कोण आणि मरणारे कोण, हे पाहिले की तिचे खरे काम लक्षात येते. पेराल्टांच्या कत्तलीला कागद नाही. ज्या कत्तलीला कागद आहेत, ती याच डोंगराच्या उत्तरेला, सॉल्ट नदीच्या दरीत झाली.

२८ डिसेंबर १८७२. या भागातल्या मूळ जमातींविरुद्ध अमेरिकी सैन्याने काढलेल्या जनरल जॉर्ज क्रुकच्या मोहिमेतले घोडदळ आणि त्यांचे पिमा जमातीचे साथीदार पहाटे एका गुहेपाशी पोहोचले. आत यावापै या मूळ जमातीचे लोक होते, बायकामुलांसह. सैनिकांनी गुहेच्या छतावर गोळ्या झाडल्या, त्या आपटून आतल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे ७५ जण मेले. त्या जागेला आज ‘स्केलेटन केव्ह’ म्हणतात, कारण हाडे कित्येक वर्षे तिथेच पडून होती. काही दिवस आधी सैन्याने पकडलेला हूमोथ्या नावाचा मुलगा त्या वेळी फौजेबरोबर होता, त्याचे नातलग आत होते. त्याला पकडणाऱ्या कॅप्टन जेम्स बर्न्सच्या नावावरून तो माइक बर्न्स झाला आणि म्हातारपणी त्याने हे सारे लिहून ठेवले. १८७५च्या फेब्रुवारीत उरलेल्या यावापै आणि अपाचे लोकांना शेकडो किलोमीटर चालवत सान कार्लोसच्या राखीव क्षेत्रात नेले. वाटेत बरेच जण मेले. डोंगर असा रिकामा झाला, आणि मग त्यात खजिन्याची कथा येऊन वसली. तिच्यात हाकललेले लोक खजिन्याचे क्रूर राखणदार झाले, हाकलणारे बिचारे प्रवासी.

हिशेब अजून मिटलेला नाही. सुपरस्टिशनच्या आग्नेयेला सुपिरिअर गावाजवळ ओक फ्लॅट हे पठार आहे. अपाचे मुली वयात आल्याचे विधी तिथे होतात. त्याच्याखाली सुमारे दोन किलोमीटर खोलीवर तांब्याचा प्रचंड साठा आहे. रिओ टिंटो आणि बीएचपी या कंपन्यांच्या मालकीच्या ‘रेझोल्यूशन कॉपर’ला तो हवा आहे. २०१४ साली अमेरिकी काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या कायद्यात ही जमीन अदलाबदलीने देण्याचे कलम घातले. त्याविरुद्ध अपाचे न्यायालयांत गेले. योजना अमलात आली तर तांबे काढलेल्या पोकळीवर जमीन खचेल, आणि सरकारी पर्यावरण अहवालानुसार पठाराच्या जागी सुमारे तीन किलोमीटर रुंद, २४० ते ३४० मीटर खोल खड्डा पडेल.