आजीचे छायाचित्र : आठवण आणि स्मरण

जिला आपण पाहिले नाही ती व्यक्ती आपल्याला आठवू शकते काय? प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. मराठीत 'मला आजी आठवते' या वाक्यात आठवणारा कर्ता नसतो. आठवण येते, होते, दाटते. ती कोणी करीत नाही. 'स्मरण' मात्र करावे लागते. श्राद्धात पित्यापासून पणजोबापर्यंत आणि मातेपासून पणजीपर्यंत नावगोत्राचा उच्चार होतो. उच्चार करणाऱ्याने पणजी पाहिलेली असण्याची तेथे अट नाही. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांतून एखाद्या आजीचे आयुष्य उभे करू पाहणारी नातवंडे यांपैकी नेमके काय करीत असतात, हे त्यांना स्वतःलाही बहुधा स्पष्ट नसते. छायाचित्रामुळे स्मरण हे आठवणीसारखे भासू लागते, आणि नैतिक अडचण तेथूनच सुरू होते.

झिगफ्रीड क्राकाउअर याने 1927 साली 'फ्रांकफुर्टर त्सायटुंग'मध्ये छायाचित्रावर जो निबंध लिहिला, त्याच्या प्रारंभी एका आजीचेच चित्र आहे. साठ वर्षांपूर्वी काढलेले, तरुण वयातले. नातवंडे ते पाहतात, हसतात आणि काहीशी शहारतातही. ही आजी आहे, हे त्यांना घरच्यांनी सांगितले म्हणून कळते. सांगणारे उरले नाहीत, तर त्या चित्रात एका काळाचा पोशाख तेवढा उरेल, असे क्राकाउअरचे म्हणणे. रोलां बार्थने 1980 च्या आपल्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राविषयी पानेच्या पाने लिहिली, पण ते छायाचित्र छापले मात्र नाही. परक्या वाचकाला त्यात काहीच दिसणार नव्हते. पुढे मारिआने हिर्श यांनी पुढच्या पिढीकडे अशा वारशाने आलेल्या स्मृतीसाठी 'उत्तरस्मृती' या अर्थाची संज्ञा रूढ केली. संज्ञा उपयुक्त आहे, परंतु 'स्मृती' हा शब्द तिने सोडलेला नाही, आणि अडचण त्या शब्दातच आहे.

क्राकाउअरचा अनुभव आपल्याला परका नाही. पुणे–सोलापूर रस्त्यावरचे कासुर्डी किंवा दौंड-शिरूर पट्ट्यातील कोणतेही गाव घ्यावे. जुन्या घरांच्या भिंतीवर हार घातलेल्या ज्या आज्या दिसतात, त्यांतील कितीतरी जणींचे वेगळे असे छायाचित्र कधी निघालेलेच नसते. कोणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून चेहरा अलग काढायचा, तो मोठा करून घ्यायचा, पदर नीट करायचा, सवाष्ण गेली असेल तर कपाळावर ठसठशीत कुंकू रंगवायचे. नातवंडांना 'आठवणारी' आजी ही पुष्कळदा छायाचित्रकाराच्या कुंचल्यातून आलेली असते. तिला विचारले असते तर तिला हेच रूप आवडले असते, असेही होईल. पण तिला कोणी विचारलेले नसते. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मकथनाला 'स्मृतिचित्रे' हे नाव दिले तेव्हा स्मृतीही त्यांची होती आणि चित्रेही त्यांचीच. भिंतीवरच्या आजीजवळ यांतले एकही नसते.

आता आजी जर्मन असेल तर? कासुर्डीहून नैर्ऋत्येला, भुलेश्वरच्या डोंगररांगेपलीकडे, पुरंदर आहे. सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांना पकडून अहमदनगरच्या छावणीत नेण्यात आले; 1940 नंतर पुरंदर आणि सातारा येथे कुटुंबांना व बायकामुलांना स्थानबद्ध ठेवले गेले. गोऱ्या सैनिकांचे आरोग्यधाम म्हणून आधी वापरलेल्या पुरंदरच्या माचीवर बंगले होते, चर्चही होते. नाझी राजवटीतून जीव घेऊन पळालेले ज्यू निर्वासित, मिशनरी कुटुंबे आणि त्या राजवटीचे समर्थक हे सरकारी कागदावर एकाच वर्गात बसत : शत्रुराष्ट्राचे नागरिक. पुढे नोव्हेंबर 1941 च्या आदेशाने जर्मनीनेच परदेशी राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. ज्या राष्ट्राचे म्हणून हे लोक डोंगरावर ठेवले होते, त्या राष्ट्रालाही ते नको होते.

अशा काळातले एखादे छायाचित्र कल्पावे. पायरीवर बसलेली तरुण स्त्री, मांडीवर मूल, मागे सह्याद्रीचा उतार. ही स्त्री कोणापासून पळाली होती, की कोणाच्या विजयाची वाट पाहत होती? चित्र दोन्ही अर्थांना सारखीच मुभा देते. मातृत्वाची, डोंगराची, ऊन-सावलीची जी माया पाहणाऱ्याच्या मनात दाटते, ती या प्रश्नाच्या आधी दाटते, आणि एकदा दाटल्यावर प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटू लागते. संहिता अनेकार्थी असते, हे सूत्र अलीकडे फार सैलपणे वापरले जाते. वाचनाला ते शोभते. जगलेल्या आयुष्याला मात्र ते तसे लागू करता येत नाही, कारण ती स्त्री एकाच वेळी दोन्ही नव्हती.

अर्थात, कागदपत्रे हाती आली की सगळा उलगडा होतो, असेही नाही. 'मेट्रोपोलिस'ची पटकथाकार थेआ फॉन हार्बू हिने बेळगावकडील अयी तेंडुलकर यांच्याशी बर्लिनमध्ये विवाह केला होता. ती भारतात आली नाही. तेंडुलकर युद्धाच्या तोंडावर परतले आणि ती 1954 साली जर्मनीतच वारली. तेंडुलकर आणि इंदुमती गुणाजी यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी 2013 साली या तिघांच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. थेआ ही नाझी पक्षाची सदस्य होती, आणि परक्या वंशाच्या पुरुषावर तिने मनापासून प्रेम केले होते. यांतले एक खरे धरून दुसरे पुसण्याचा मोह कोणालाही होईल. विशेष म्हणजे धौल यांच्याशी थेआचे रक्ताचे नाते नव्हते. तिचे रूप गोड करून घेण्याची गरज त्यांना तितकी नसावी, असा तर्क करता येतो. नातवाला ती गरज असते, आणि म्हणून स्मरणाचे काम त्याला अधिक अवघड जाते.

श्राद्धातला उच्चार येथे पुन्हा विचारात घ्यावा लागतो. तेथे चेहरा लागत नाही, नाव लागते. कौटुंबिक संग्रहातल्या छायाचित्रामागे मात्र बहुतेक वेळा 'आजी' एवढाच शब्द असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे माहेरचे नाव आपल्याकडेही दोन पिढ्यांत नाहीसे होते. परदेशातून आलेलीचे तर गाव, भाषा, धर्म आणि सोडून यावे लागण्याचे कारणही त्याच्याबरोबर जाते. ते शोधताना घराण्याला न रुचणारे काही हाती लागेल, ही शक्यता गृहीत धरूनच शोध घ्यावा लागतो. ती शक्यता नाकारून केलेल्या स्मरणात नातवंडांना स्वतःचीच माया भेटते, आजी नव्हे.

कधी कधी छायाचित्रच थोडी मदत करते. 1938 च्या उन्हाळ्यात जर्मनीत ज्यूंना सक्तीच्या केलेल्या ओळखपत्रावरील छायाचित्रात डावा कान दिसलाच पाहिजे, असा नियम होता. केस मागे घ्यावे लागत, मान किंचित वळवावी लागे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ज्यूंच्या पारपत्रावर 'जे' हे अक्षर लाल शाईत उमटू लागले. घरच्या डब्यात आजीचे असे मान वळवलेले लहानसे चित्र सापडले, तर तिची ती ढब डौलदार म्हणून नातवंडांना आवडेलही. ती तिने निवडलेली नसावी.