पाणी दाखवलं का?

उभा राहा. आणि इकडे बघ. “बाई, मी सकाळी कुत्र्याला पाणी ठेवलं होतं, त्याचा बर्फ झाला त्याला मी काय करणार?” हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकू येता कामा नये.

हे मिनियापोलिस आहे. जानेवारीत इथे पारा उणे वीसपर्यंत उतरतो, हे तुला जन्मापासून ठाऊक आहे. सकाळी सातला भांडं भरलंस, दुपारी तीनला परतलास. मधले कितीतरी तास तो कुत्रा मागच्या अंगणात बर्फाचा दगड चाटत होता. तो तुझ्यासारखा नळ सोडू शकत नाही.

“तहान लागली तर बर्फ खाईल” म्हणालास. विज्ञानात काय शिकलास? शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. ती कुठून येणार? त्याच्याच अंगातून. थंडीत ऊब टिकवायला धडपडणाऱ्या जिवाची ऊब तू काढून घेतोस. त्यात इथली हिवाळी हवा कोरडी, आणि तू घालतोस तेही कोरडं खाणं. तहान उन्हाळ्यातच लागते असं समजू नकोस.

आता सगळ्यांनी लिहून घ्या. कडाक्याच्या थंडीत जनावर घरात घ्यायचं, ही पहिली गोष्ट. बाहेरच राहणार असेल, तर थर्मोस्टॅटचं विजेवर तापणारं भांडं आणा. वायरीवर स्टीलचं वेटोळं हवं, म्हणजे कुत्रा ती चावणार नाही. आणि जोडणी बाहेरच्या, शॉकपासून वाचवणाऱ्या जीएफसीआय सॉकेटलाच. वीज नसेल तर जाड रबराचं खोल भांडं घ्या. उथळ भांड्यातलं पाणी लवकर गोठतं. हे खोल भांडं वाऱ्याच्या आडोशाला, उन्हात ठेवा. अशी दोन भांडी ठेवायची: एक बाहेर, दुसरं घरात वितळत. कोमट पाणी भरून दिवसातून चार-पाच वेळा बदलायचं. तुम्ही शाळेत असाल तेव्हा कोण बदलणार, हे आदल्या रात्री ठरवायचं. धातूचं भांडं नको, ओली जीभ त्याला चिकटते. चिनी मातीचंही नको. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भांडं तडकतं. सशाच्या बाटलीची नळी आधी गोठते, म्हणून बाटली भरलेली दिसली तरी नळीतून थेंब येतो का ते बोटाने बघा. पाण्यात मीठ घालायचं नाही. आणि गाडीचं अँटिफ्रीझ? त्याच्या जवळपासही जनावर जाऊ द्यायचं नाही. ते गोड लागतं आणि जीव घेतं.

माझे आजोबा सांगोल्याचे. दुष्काळात कोसावरून पाणी आणायचे. पण बैलांना पाणी दाखवल्याशिवाय भाकरीला बसले नाहीत. “गुरांना पाणी दाखवलं का?” हा घरातला रोजचा प्रश्न होता. पाणी दाखवणं म्हणजे भांडं भरून निघून जाणं नव्हे. जनावर पोटभर पिईपर्यंत शेजारी उभं राहणं, याला आपल्याकडे पाणी दाखवणं म्हणतात. तू काय दाखवलंस? बर्फ.

मार्क कमी पडले तर मी समजून घेते. हे समजून घेणार नाही. मुक्या जिवाला दाराशी आणलंस, तेव्हाच त्याची तहान तुझ्या अंगावर आली. आज घरी गेलास की अंगातला कोट काढायच्या आधी अंगणात जा. तो पिऊन तृप्त झाला की मगच आत ये आणि जेवायला बस.